गडेगावच्या कारखान्याची पैसेवारी

सानगडीत वर्षाचा हिशेब धानावर लागतो. हंगाम कसा गेला हे सरकार पैसेवारीत सांगते. ती पन्नासच्या खाली उतरली की दुष्काळी सवलतींची चर्चा सुरू होते. याच भंडारा जिल्ह्यात आणखी एक पैसेवारी निघते, दरवर्षी मे महिन्यात. साकोलीहून महामार्गाने नागपूरकडे निघालात की लाखनीच्या पुढे गडेगावला अशोक लेलँडचा कारखाना लागतो. त्याच्या कंपनीचा वार्षिक निकाल चेन्नईहून जाहीर होतो, पण त्याची धग साकोली-लाखनीच्या गावांपर्यंत पोचते.

रघुनंदन सरन यांनी 1948 मध्ये मद्रासला ‘अशोक मोटर्स’ काढली, मुलाच्या नावाने. सुरुवातीला तिथे ऑस्टिन मोटारी जोडल्या जात. पुढे ब्रिटनची लेलँड कंपनी भागीदार झाली आणि 1955 मध्ये ‘अशोक लेलँड’ हे नाव आले. 1987 मध्ये कंपनी हिंदुजा समूहाकडे गेली. त्याआधी, 1982 मध्ये, भंडाऱ्याचा कारखाना उभा राहिला होता. तेव्हापासून भंडारा हे नाव कंपनीच्या एन्नोर, होसूर, अलवर या कारखान्यांच्या रांगेत बसले. या जिल्ह्यात कारखान्यांच्या घोषणा पुष्कळ झाल्या. साकोलीजवळ मुंडीपारला भेलच्या प्रकल्पाचे भूमिपूजन 2013 मध्ये झाले, कारखाना मात्र उभा राहिला नाही. म्हणून गडेगावचे महत्त्व इथल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही.

गडेगावला बनणाऱ्या गिअरबॉक्सचे काम बाहेरून दिसत नाही, पण ट्रकची सगळी ओढ त्यातून जाते. पोलादाच्या गोल तुकड्यावर आधी दाते कापतात. मग तो कार्बनयुक्त वायूच्या भट्टीत नऊशे अंशांच्या आसपास तासन्‌तास ठेवतात आणि तेलात बुडवून एकदम थंड करतात. त्याने दाताचा वरचा थर काचेसारखा कठीण होतो आणि गाभा चिवट राहतो. वरचा थर पातळ राहिला तर दात लवकर झिजतो. गाभाही कडक झाला तर भरल्या ट्रकच्या पहिल्या झटक्याला तुटतो. मग घासकाम, जुळणी आणि शेवटी चाचणीच्या बाकावर फिरवून आवाज ऐकणे. जाणत्या कामगाराला कुठल्या जोडीत खोट आहे हे आवाजावरून कळते. ती खोट इथे सापडली तर काही तासांचे काम वाया जाते, रस्त्यावर सापडली तर प्रकरण वर्षाच्या ताळेबंदात चढते.

आता तो ताळेबंद. ट्रक कंपनीच्या शंभर रुपयांच्या विक्रीतले साधारण सत्तर ते पंचाहत्तर रुपये मालावरच जातात : पोलाद, ओतीव भाग, टायर, इंजिनाचे सुटे भाग. पोलादाचा भाव चार-दोन टक्क्यांनी हलला तरी नफ्याचे गणित बिघडते. गंमत म्हणजे या खर्चाची मुळे भंडारा जिल्ह्यातही आहेत. तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या खाणींतून मँगनीज निघते, ज्याच्याविना चांगले पोलाद बनत नाही. वरठीला सनफ्लॅगचा कारखाना वाहन उद्योगासाठी लागणारे खास पोलाद बनवतो. पोलादाचे दर चढले की जिल्ह्याच्या एका टोकाला आनंद आणि दुसऱ्या टोकाला कपाळावर आठ्या, असा हा मामला.

कर, व्याज आणि घसारा वजा होण्याआधी रुपयामागे किती पैसे उरले, ही कंपनीची पैसेवारी म्हणू. 2018-19 मध्ये विक्री 29,055 कोटी रुपये होती आणि रुपयामागे अकराच्या आसपास पैसे उरले. 2020-21 मध्ये विक्री 15,301 कोटींवर आली, उरले जेमतेम साडेतीन पैसे, आणि शेवटच्या ओळीत सुमारे 314 कोटींचा तोटा. 2024-25 मध्ये विक्री 38,753 कोटी, उरले 12.7 पैसे आणि निव्वळ नफा 3,303 कोटी. विक्री निम्मी झाली म्हणून नफा निम्मा होत नाही, तो पार धुऊन जातो. कारण भट्टी, यंत्रे, कर्जाचे व्याज आणि पगार ट्रक खपो न खपो चालूच राहतात.

आणखी एक गोष्ट या आकड्यांत दडलेली आहे. 2018-19 मध्ये कंपनीने सुमारे 1 लाख 97 हजार वाहने विकली होती, 2024-25 मध्ये सुमारे 1 लाख 95 हजार. वाहने तेवढीच, पण विक्री साडेनऊ हजार कोटींहून अधिक वाढली. एप्रिल 2020 पासून बीएस-6 ची सक्ती आली, धूर शुद्ध करणारी महागडी यंत्रणा प्रत्येक गाडीला बसली, किमती वाढल्या आणि खपणाऱ्या गाड्यांचा आकारही बदलला. म्हणजे विक्रमी विक्रीचा मथळा वाचून गडेगावला कामही तेवढेच वाढले असे समजू नये.

मंदी कशी येते तेही पाहण्यासारखे आहे. जुलै 2018 मध्ये सरकारने ट्रकच्या आसांवरची भारमर्यादा वाढवली. जुन्याच ट्रकमध्ये जास्त माल मावू लागल्यावर नवा ट्रक कोण घेणार? त्याच सुमारास आयएल अँड एफएस ही वित्तसंस्था कोसळल्याने वित्त कंपन्यांनी कर्जाचा हात आखडला. सप्टेंबर 2019 मध्ये कंपनीने शेअर बाजाराला कळवले : एन्नोरला 16 दिवस, पंतनगरला 18, होसूरला 5, अलवर आणि भंडाऱ्याला 10-10 दिवस काम बंद. मागणी घटल्यावर माल साठवून ठेवण्यापेक्षा फाटक बंद ठेवणे स्वस्त पडते. हिशेबाला हे पटते. पण फाटकाबाहेरची चहाची टपरी आणि कामगारांना भाड्याने दिलेल्या खोल्या यांना असा हिशेब मांडायची सोय नसते.

माल आणि न थांबणारे पगार-व्याज यांच्यानंतर तिसरा खर्च दोषांचा. गाडी विकतानाच कंपनी वॉरंटीपोटी काही रक्कम बाजूला काढते आणि ती ताळेबंदात ‘तरतूद’ म्हणून दिसते. दोष त्याहून मोठा निघाला की गाड्या परत बोलवाव्या लागतात. महाराष्ट्राने याचे दोन बोलके नमुने पाहिले आहेत. जुलै 2021 मध्ये महिंद्राने नाशिकच्या कारखान्यातल्या सहाशेपेक्षा कमी डिझेल गाड्यांची इंजिने तपासून बदलायचे ठरवले. गाड्या 21 जून ते 2 जुलैदरम्यानच्या होत्या आणि एका ठरावीक दिवशी आलेले इंधन दूषित असल्याचा संशय होता. ऑगस्ट 2023 मध्ये त्याच कंपनीने 1,08,306 एक्सयूव्ही 700 गाड्या तपासणीला बोलावल्या, कारण इंजिनाच्या कप्प्यातली वायरिंग घासली जाण्याची शक्यता होती. पहिल्यात गाड्या थोड्या पण इंजिन महाग. दुसऱ्यात काम किरकोळ पण गाड्या लाखावर.

एप्रिल 2021 पासून केंद्राचे नियमही आले. सात वर्षांपेक्षा जुनी नसलेली गाडी, ठरावीक प्रमाणात तक्रारी, मग सरकारी आदेश आणि 10 लाखांपासून 1 कोटीपर्यंत दंड. कंपनीने आपणहून गाड्या बोलावल्या तर हा दंड नाही. हजारो कोटींच्या उलाढालीपुढे एक कोटी म्हणजे दर्यामे खसखस. कंपनीला खरी भीती नाव खराब होण्याची असते. ट्रकवाल्याचे वेगळे आहे. धान भरून गिरणीकडे निघालेली गाडी साकोलीच्या गॅरेजात दोन दिवस अडकली, तर भाग फुकट बदलून मिळतो, बुडालेले भाडे आणि चुकलेला हप्ता कोणी भरून देत नाही.

म्हणून मे महिन्यातला हा निकाल वाचताना नफ्याच्या आकड्याआधी दोन गोष्टी पाहाव्यात. वाहने खरोखर किती खपली, आणि वॉरंटीची तरतूद विक्रीच्या मानाने वाढली की घटली. पहिल्यावरून गडेगावला पाळ्या किती लागतील याचा अंदाज येतो, दुसऱ्यावरून भट्टीतले आणि बाकावरचे काम कसे चालले आहे याचा. फाटक किती दिवस बंद होते, हा रकाना मात्र नफा-तोटा पत्रकात नसतो. तो साकोली-लाखनीच्या गावांना आपणच ठेवावा लागतो.