कवीच्या खिशातलं रिव्हॉल्व्हर
१९व्या शतकातल्या युरोपात खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर दुकानात सहज मिळे. फ्रान्सच्या लफोशो पितापुत्रांच्या पद्धतीचं ७ मिमीचं मॉडेल त्यातलंच. त्याच्या काडतुसाच्या कडेतून बारीक पिन बाहेर डोकावते. घोडा तिच्यावर आपटला की आतली टोपी पेटते आणि बार उडतो. पिन उघडीच, त्यामुळे काडतुसं बाळगणं जरा जोखमीचंच!

१० जुलै १८७३ रोजी ब्रुसेल्समध्ये कवी पॉल व्हर्लेननं त्याच सकाळी विकत घेतलेल्या अशा रिव्हॉल्व्हरमधून आपला कवीमित्र आर्थर रँबोवर दोन गोळ्या झाडल्या. एक मनगटात घुसली. व्हर्लेनला दोन वर्षांची कैद झाली.

२०१६ साली पॅरिसच्या लिलावात व्हर्लेनचं ते रिव्हॉल्व्हर ४,३४,५०० युरोंना गेलं. नेमबाजीला सुमार, पण भाव पाहा! चित्रकार व्हॅन गॉगनं स्वतःवर गोळी झाडायला वापरलं असावं असं मानलं जाणारं, फ्रान्समधल्या ऑव्हेरच्या शेतात सापडलेलं याच जातीचं गंजकं रिव्हॉल्व्हर २०१९ मध्ये १,६२,५०० युरोंना विकलं गेलं.