कामट्यांचा कंदील आणि अडीचशे पौंडांची गाडी

दिवाळीच्या आधीच्या आठवड्यात आमच्या आजोबांच्या ओसरीवर कामट्या सोलायचं काम चालायचं. चार सारख्या कामट्या घेऊन दोऱ्यानं चौकोन बांधायचा. हा चौकोन कधी धड उभा राहत नसे. एका कोपऱ्याला जरा दाबलं की शंकरपाळ्यासारखा तिरपा व्हायचा. असे चौकोन कोपऱ्याला कोपरा जोडून कंदिलाचा सांगाडा उभा राहायचा, तोही डुगडुगता. मग खळ लावून रंगीत कागद चिकटवायचा. रात्रभरात खळ वाळली की सकाळी तोच सांगाडा ताठ झालेला असे. फुंकरीनं उडणाऱ्या कागदानं बांबूला शिस्त लावली कशी, हा प्रश्न माझ्या डोक्यात बरीच वर्षं तसाच पडून होता. त्याचं उत्तर मला सापडलं ते इंग्लंडमधल्या एका मोटारीच्या पुस्तकात.

रॉन चॅम्पियन यांचं हे पुस्तक 1996 साली हेन्स या प्रकाशनानं काढलं. अवघ्या 250 पौंडांत आपली स्पोर्ट्स कार आपणच बांधा, असं त्याचं नावच सांगतं. आत कोणतीही जादू नाही. चौकोनी पाइपांची मापं, कापायचे कोन, कुठला तुकडा कुठल्या तुकड्याला जोडायचा याची चित्रं, आणि एका जुन्या फोर्ड एस्कॉर्टमधून काय काय काढून घ्यायचं याची माहिती. अशा गाडीला 'लोकॉस्ट' हे नाव पडलं आणि घराशेजारच्या शेडमध्ये, चिंचोळ्या गॅरेजमध्ये लोक ती बांधायला लागले. हौशी लोक, संध्याकाळी नोकरीवरून घरी येऊन.

नक्कल होती ती लोटस सेव्हन या गाडीची. कॉलिन चॅपमन यांनी ती 1957 साली लोकांपुढे आणली. हे गृहस्थ शिक्षणानं स्ट्रक्चरल इंजिनियर, म्हणजे पूल आणि छपरं उभी करण्याचं शास्त्र शिकलेले. म्हणूनच त्यांच्या गाडीकडे पाहताना मला कारखान्याच्या शेडवरची लोखंडी कैची आठवते. दार नाही, छप्पर नावापुरतं, पुढची चाकं अंगाबाहेर, आणि बसायची जागा इतकी खाली की हात बाहेर काढला तर बोटं डांबराला लागतील. वजन 500 किलोंच्या आसपास. आजच्या साध्या हॅचबॅकपैकी बहुतेकांचं वजन 800 किलोंच्या पुढे असतं. गाडी निम्म्या वजनाची झाली की निम्म्या ताकदीचं इंजिन तिला तेवढ्याच तडफेनं पळवतं. आणि फायदा तिथंच थांबत नाही. ब्रेकना थोपवायचं वजन कमी, वळणावर टायरना पेलायचं वजन कमी, म्हणून स्प्रिंगा हलक्या, आणि स्प्रिंगा हलक्या म्हणून त्यांना धरणारा सांगाडाही हलका.

ही गाडी पहिल्यापासूनच घरी जोडायची होती. ब्रिटनमध्ये तेव्हा तयार मोटारीवर जबर खरेदीकर होता. सुटे भाग विकत घेऊन गिऱ्हाइकानं स्वतः गाडी जोडली तर तो लागत नसे. सुट्या भागांसोबत जोडणीच्या सूचना दिल्या तर सवलत जाईल, म्हणून चॅपमन यांनी गाडी सुटी कशी करावी याच्या सूचना दिल्या आणि लोकांनी त्या शेवटाकडून वाचल्या, असं सांगतात. 1973 साली मूल्यवर्धित कर आला आणि ही वाट बंद झाली. त्याच वर्षी लोटसनं सेव्हनचे हक्क कॅटरहॅम या कंपनीला दिले. ती कंपनी पुढेही सेव्हन बनवत राहिली, पण हळूहळू ही गाडी सामान्य पगारदाराच्या हाताबाहेर गेली. चॅम्पियन यांचं पुस्तक आलं ते अशा वेळी.

मला या सगळ्यात एक घराणं दिसतं. चॅपमन यांनी 1948 मध्ये आपली पहिली गाडी बांधली ती जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून. चॅम्पियन यांचं पुस्तक ज्या प्रकाशनानं काढलं त्याचे संस्थापक जॉन हेन्स, त्यांनीही शाळेत असतानाच जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून गाडी बांधली होती, आणि ती कशी बांधली ते सांगणारी छोटी पुस्तिका 1956 साली स्वतः छापून विकली होती. 1922 साली आलेली ती छोटीशी मोटार म्हातारी झाल्यावर किती पोरांची शाळा झाली!

आता सांगाड्याकडे वळू, कारण खरा चमत्कार तिथं आहे.

लागणारा पाइप आपल्याकडे खिडकीच्या ग्रिलला आणि गेटला वापरतात तसाच असतो: 25 मिलिमीटर चौरस, भिंतीची जाडी 1.6 मिलिमीटर. एका मीटरचं वजन सव्वा किलोसुद्धा भरत नाही. असा एक पाइप दोन विटांवर आडवा ठेवून मधोमध उभं राहिलं तर तो वाकेल. मग याच पाइपांचा सांगाडा इंजिन आणि दोन माणसं घेऊन खड्ड्यांतून जातो कसा?

पाइप वाकवायला सोपा असतो, पण त्याच्या लांबीच्या दिशेनं ओढून तो लांब करणं किंवा दाबून आखूड करणं महाकठीण. मांडणीच अशी करायची की पाइपवर वाकवणारा जोर येऊच नये, फक्त ओढणारा किंवा दाबणारा यावा. हे काम त्रिकोण करतो. तीन बाजूंची लांबी ठरली की त्रिकोणाचा आकार ठरून जातो. एखादी बाजू लांब किंवा आखूड झाल्याशिवाय तो बदलूच शकत नाही. चौकोनाचं तसं नाही. बाजू तेवढ्याच राहतात आणि शंकरपाळा होतो. त्या वेळी नीट बघितलं तर एक कर्ण लांबत असतो आणि दुसरा आखडत असतो. तिथं एक तिरपा पाइप घातला की दोन्ही हालचाली बंद.

माझ्या कंदिलाचं उत्तरही यातच आहे. चौकोन तिरपा व्हायचा तर त्यावर चिकटवलेला कागद एका कर्णाच्या दिशेनं ताणला जायला हवा. कागद दाबला तर लगेच चुरगळतो, पण सरळ ताणला तर चांगला दम धरतो. म्हणजे चिकटवलेला कागद हा असंख्य बारीक तिरप्या दोऱ्यांसारखा वागतो. लोकॉस्टच्या तळाला पत्रा बसवतात तो पाय टेकायला तर असतोच, पण सांगाडा ताठ करण्याचं कागदाचं काम तोही करतो.

याहून अवघड आहे पीळ. डावं पुढचं चाक खड्ड्यात गेलं की गाडी ओल्या पंच्यासारखी पिळली जाते. सांगाडा पिळवटला की चाकांचे कोन बिघडतात आणि स्प्रिंगांनी करायचं काम लोखंड करायला लागतं. चपलांचं खोकं झाकण काढून हातात धरा आणि पिळून बघा, सहज पिळलं जाईल. आता झाकण चिकटपट्टीनं चारी बाजूंनी चिकटवा आणि पुन्हा पिळा. फरक हातालाच कळतो. मोटारीची अडचण अशी की तिला झाकण लावता येत नाही: वरून इंजिन उतरवायचं असतं आणि वरूनच माणसांना आत बसायचं असतं. म्हणून दोन आसनांच्या मधून मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट ज्या बोगद्यातून जातो, त्या बोगद्यालाही बंद खोक्यासारखं बांधून कामाला लावतात. इतक्या छोट्या गाडीत एकही गोष्ट एकाच कामासाठी ठेवलेली नसते.

घरी बांधणारा माणूस यंत्राशिवाय इतकं अचूक काम कसं करतो? त्याचा 'कारखाना' म्हणजे जाड प्लायची एक सपाट फळी. तिच्यावर सांगाड्याचा तळ पूर्ण आकारात रेखायचा, रेघांच्या कडेनं लाकडाचे ठोकळे स्क्रूनं बसवायचे आणि पाइपांचे तुकडे त्या खाचांत आवळून धरायचे. तुकडा हॅकसॉनं कापायचा आणि कानशीनं घासत राहायचं, दोन टोकं एकमेकांना चिकटून बसेपर्यंत. मग लगेच पूर्ण वेल्डिंग करायचं नाही. प्रत्येक सांध्याला छोटासा टाका द्यायचा आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपं माप घ्यायचं. दोन्ही कर्ण सारखे भरले तरच काटकोन साधला. गवंडी पायाची आखणी करताना दोरी धरून हेच बघतो.

टाक्यांची ही सावधगिरी उष्णतेसाठी असते. एक मीटर पोलादाचं तापमान 100 अंशांनी वाढलं तर ते सव्वा मिलिमीटरच्या आसपास वाढतं. वेल्डिंगच्या जागी तर पोलाद वितळतंच, आणि निवताना तो सांधा आखडून शेजारच्या पाइपला आपल्याकडे ओढतो. एका बाजूनं सलग वेल्डिंग करत गेलं तर सांगाडा केळ्यासारखा वाकेल. म्हणून एक सांधा इकडे, दुसरा तिरप्या कोपऱ्यात तिकडे, असं फिरत राहायचं. सगळं जुळलं की ठोकळे काढायचे, आणि दोन माणसांनी सांगाडा सहज उचलायचा. खाली फळीवर रेघा आणि प्रत्येक सांध्यापाशी एक काळा डाग उरतो.

बाकी अवयव एस्कॉर्टचे. 1968 ते 1980 या काळातल्या एस्कॉर्टमध्ये इंजिन पुढे आणि जोर मागच्या चाकांना, म्हणजे हवी तशीच मांडणी. आणि ती कवडीमोलानं मिळायची याचं कारण ब्रिटनचा हिवाळा. बर्फ वितळवायला रस्त्यावर मीठ टाकतात. ते पत्र्याखाली साचून गाडीचं अंग कुजवतं, पण इंजिन, गिअरबॉक्स, मागचा एक्सल यांना फारसं काही होत नाही. अशी वार्षिक तपासणीत नापास झालेली गाडी घ्यायची आणि तिचं काळीज नव्या सांगाड्यात बसवायचं. पुढे हे एस्कॉर्ट स्वतःच जुन्या गाड्यांच्या शौकिनांचे लाडके झाले, त्यांचे भाव चढले, आणि बांधणारे फोर्ड सिएरा, माझदा एमएक्स-5 यांच्याकडे वळले.

पुढच्या चाकापाशी मात्र मिलिमीटर मिलिमीटर बघावा लागतो. चाक वरखाली होताना त्याला धरणारे विशबोन बिजागरीवरच्या दारासारखे फिरतात, म्हणून चाक सरळ वर जात नाही, कमानीतून जातं. स्टिअरिंगकडून येणारा टायरॉडही स्वतःच्या कमानीत फिरतो. या दोन कमानी जुळल्या तर ठीक. स्टिअरिंगची रॅक थोडी जरी वर किंवा खाली बसली, तर प्रत्येक उंचवट्यावर टायरॉड चाकाला ओढतो किंवा ढकलतो, आणि हात स्थिर असताना गाडी आपोआप तोंड फिरवते. हे तपासायला बांधणारा माणूस स्प्रिंग काढून ठेवतो, चाकाच्या जागी सपाट फळी लावतो, जॅकनं ती हळूहळू वर नेतो आणि तिच्या पुढच्या आणि मागच्या टोकाचं अंतर मोजतो. फरक दिसेल त्यानुसार रॅक हलवायची. तासन्‌तास गुडघ्यांवर बसून करायचं हे काम आहे, आणि मला वाटतं, मोटार म्हणजे काय हे माणसाला इथंच कळत असेल.

आपल्याकडे रस्त्यावर चालवायला अशी गाडी बांधणं जवळपास अशक्य आहे. नोंदणीआधी गाडीचा नमुना पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत चाचण्यांतून पास व्हावा लागतो, आणि ती व्यवस्था कंपन्यांसाठी आहे. तरी इंजिनियरिंग कॉलेजांच्या वर्कशॉपमध्ये गाड्या बांधण्याच्या बाहा स्पर्धेसाठी रात्री जागून पाइप जोडणारी मुलंमुली पाहिली, की तेच कर्ण मोजणं, तेच टाके दिसतात. सांगली जिल्ह्यातल्या एका कारागिरानं भंगारातून चारचाकी उभी केली तेव्हा तर अख्खा देश कौतुकानं बघत होता.

ब्रिटनमध्ये घरी बांधलेल्या एकेका गाडीची स्वतंत्र परीक्षा होते. ब्रेक, दिवे, धूर, आवाज, सीटबेल्टचे नट-बोल्ट, सगळं बघतात. तपासनिसाकडे दहा सेंटिमीटर व्यासाचा एक गोळा असतो. तो गाडीच्या अंगावर जिथं जिथं टेकू शकतो तिथली कड किमान अडीच मिलिमीटर त्रिज्येनं गोल हवी, कारण रस्त्यावरच्या माणसाला धक्का लागला तर त्याला ती कापू नये. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री लोक गाडीभोवती बसून एकेका बोल्टच्या डोक्यावर प्लॅस्टिकची टोपी चढवत असतात.

विमा असेल आणि वेळ ठरलेली असेल, तर नोंदणी नसलेली गाडी परीक्षेला चालवत नेता येते. म्हणजे सार्वजनिक रस्त्यावरची तिची पहिली धावच परीक्षा केंद्राकडे असते. पास झाली की नंबर मिळतो. जुन्या भागांची गोळाबेरीज असल्यानं जिचं जन्मवर्ष ठरवता येत नाही, अशा गाडीचा नंबर 'क्यू' अक्षरानं सुरू होतो. ती पाटी चारचौघांत ओळखू येते. काही जण ती लपवायला बघतात. मला मात्र अशी गाडी दिसली तर मी आधी ती पाटी वाचीन आणि मग वाकून खाली बघीन, तिरपे पाइप कुठे घातलेत ते.