साताऱ्यात पळणारा पीसी सांगलीत का बसला?

डिसेंबरची सुट्टी, साताऱ्याचं घर, अंगात स्वेटर आणि समोर गेम. मामेभाऊ म्हणाला, "थांब, तुझ्या पीसीला जरा पळवतो." दहा मिनिटांत माझा रायझन ५ ५६०० सगळ्या कोअरवर ४.६ गिगाहर्ट्झला धावायला लागला. दोघंही खूश!

मे महिन्यात तोच पीसी सांगलीत विश्रामबागच्या रूमवर आणला. वर पत्रा, पंख्याचा वारासुद्धा गरम. कॉलेजची शॉर्टफिल्म रेंडर होत असताना स्क्रीन काळी झाली. सबमिशन दुसऱ्या दिवशी, आणि तीन तासांचं एडिटिंग सेव्हच केलेलं नव्हतं. रात्रभर जागून ते पुन्हा केलं. पीसी बिचारा तोच होता. बदललं होतं ते हवामान!

झालं काय?

प्रोसेसरवरचा कूलर खोलीतल्याच हवेने त्याला थंड करतो. त्यामुळे खोली जितक्या अंशांनी तापते, साधारण तितक्याच अंशांनी प्रोसेसरही. खोलीत २२ अंश असताना ७६ वर राहणारा प्रोसेसर ३८ अंशांच्या खोलीत ९२ वर जायला बघतो. माझ्या प्रोसेसरची मर्यादा आहे ९० अंश. तिथे पोचला की तो स्वतःच वेग कमी करतो. शिवाय थंडीत जेमतेम टिकलेलं सेटिंग उष्णतेत कोलमडू शकतं.

त्यात व्होल्टेज वाढवलं की आणखी पंचाईत. लागणारी वीज वेगाच्या पटीत वाढते, पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. दोन्ही १० टक्के वाढवा: १.१ × १.१ × १.१ म्हणजे सुमारे १.३३. वेग १० टक्के, उष्णता ३३ टक्के! आणि गेम ग्राफिक्स कार्डापाशी अडत असेल, तर एफपीएस फारसे वाढतही नाहीत.

करायचंच असेल तर...

* आधी पीसीला जमतं का बघा. इंटेलमध्ये साधारणपणे नावात 'के' असलेला प्रोसेसर आणि 'झेड' मालिकेचा मदरबोर्ड लागतो. रायझनचे बहुतेक प्रोसेसर खुले असतात, पण 'ए' मालिकेचे स्वस्त बोर्ड चालत नाहीत.
* कॅबिनेटमधली धूळ काढा, थर्मल पेस्ट सुकली असेल तर बदला. कधी कधी एवढ्यानेच काम भागतं.
* महत्त्वाच्या फाइल्सचा बॅकअप घ्या.
* बायोसमध्ये मल्टिप्लायर एकेका पायरीने वाढवा. एक पायरी म्हणजे साधारण १०० मेगाहर्ट्झ. प्रत्येक पायरीनंतर सिनेबेंच किंवा प्राइम९५ चालवा आणि एचडब्ल्यूइन्फोवर तापमान बघा. ८५ च्या वर गेलं की एक पायरी मागे या.
* व्हिडिओत बघून व्होल्टेजचा आकडा टाकू नका. प्रत्येक चिप वेगळी असते.
* पीसी सुरूच झाला नाही तर घाबरू नका. पॉवर केबल काढा, मदरबोर्डवरचा गोल सेल काही मिनिटं काढून परत बसवा. सेटिंग बहुधा मूळपदावर येतं.
* रूमच्या प्लगला अर्थिंग आहे का, हे घरमालकांना विचारा. यूपीएस असेल तर उत्तमच.

वॉरंटीचं काय?

ओव्हरक्लॉकिंगमुळे झालेलं नुकसान इंटेल आणि एएमडीच्या वॉरंटीत बसत नाही. आणि जादा व्होल्टेज किती महागात पडतं, हे २०२४ मध्ये खुद्द इंटेललाही कळलं. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे काही डेस्कटॉप प्रोसेसर प्रमाणाबाहेर व्होल्टेजमुळे अस्थिर झाले, आणि कंपनीला वॉरंटी दोन वर्षांनी वाढवावी लागली. आपण स्वतःच्या हाताने तेच केलं तर भरपाई कोण देणार? पप्पाच!

मी आता उलटा प्रयोग केलाय. वेग मूळचाच ठेवला आणि व्होल्टेज थोडं उतरवलं. याला अंडरव्होल्टिंग म्हणतात. तेही पायरीपायरीने तपासून करायचं. पंख्याचा आवाज कमी झाला आणि गेममध्ये फरक जाणवला नाही.

तरीही ओव्हरक्लॉक करायचंय? जरूर करा. फक्त परीक्षा जानेवारीत साताऱ्यात नको, मे महिन्याच्या दुपारी सांगलीत घ्या. तिथे टिकला तर वर्षभर टिकेल!