कानांचाही विवेक

भायंदर वा मुलुंडहून सकाळी काळबादेवी, झवेरी बाजार किंवा मस्जिद बंदरच्या पेढीकडे निघालेल्या व्यापाऱ्याचे दिवसाकाठी दोन तास सहज प्रवासात जातात. या वेळात कोणी भक्तामर स्तोत्र ऐकतो, कोणी प्रवचन, तर कोणी बाजारभावाच्या बातम्या. घरातील तरुण मंडळी व्यायामाच्या वेळीही इअरफोन लावतात. ऐकण्याचा विषय कितीही उत्तम असला, तरी लोकलच्या खडखडाटात शब्द नीट उमटत नाहीत आणि बोट नकळत आवाज वाढवते. खरी हानी तेथेच सुरू होते.

अंतर्कर्णात केसांसारख्या अतिसूक्ष्म तंतूंच्या पेशी असतात. ध्वनीचे मज्जातंतूंच्या संदेशात रूपांतर त्याच करतात. मनुष्यप्राण्यात या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा निर्माण होत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढ व्यक्तीने ८० डेसिबल पातळीचा आवाज आठवड्यात ४० तासांपर्यंत ऐकावा. त्यापुढे दर ३ डेसिबलला ही मुदत निम्मी होते. ९० डेसिबलला ती अवघी ४ तास उरते. रोज दोन तास आणि आठवड्यात सहा दिवस असा हिशेब मांडला, तर मोठ्या आवाजात ऐकणाऱ्याची आठवड्याची शिल्लक मंगळवारी रात्रीच संपते. उरलेले दिवस तो भांडवलातून खर्च करीत असतो आणि हे भांडवल पुन्हा उभे राहत नाही.

गोंगाट अडवण्याचे दोन मार्ग

म्हणूनच बाहेरचा गोंगाट अडवणारा इअरफोन कमी आवाजात स्पष्ट ऐकू यावे यासाठी घ्यावयाचा असतो. गोंगाट अडवण्याचे मार्ग दोन. पहिल्यात सिलिकॉनची वा फोमची टोपी कर्णनलिकेचे तोंड घट्ट बंद करते. त्यास वीज लागत नाही. दुसऱ्यात मायक्रोफोन बाहेरचा आवाज टिपतो आणि यंत्र त्याच्या विरुद्ध लहर निर्माण करून त्यास शमवते. ही दुसरी पद्धत गाडीची अखंड घरघर चांगली कमी करते; शेजाऱ्याचे बोलणे वा अचानक होणारा खणखणाट तिला तितकासा आवरत नाही. शिवाय टोपी सैल बसली, तर या यंत्रणेचाही फारसा लाभ होत नाही. त्यामुळे अल्प खर्चात खरेदी करणाऱ्याने प्रथम टोपीच्या बसण्याकडे लक्ष द्यावे आणि खोक्यावरील मोठमोठ्या शब्दांकडे नंतर पाहावे.

टोपी नीट बसली की नाही, हे घरीच पाहता येते. सोबत मिळणाऱ्या लहान, मध्यम व मोठ्या टोप्या आळीपाळीने लावून पाहाव्यात. दोन्ही कानांचे माप सारखेच असेल असे नाही. एका कानाला मध्यम आणि दुसऱ्याला मोठी टोपी लागू शकते. विरुद्ध हाताने कानाची पाळी किंचित वर व मागे ओढून इअरफोन आत बसवावा. तबल्याच्या डग्ग्याचा घुमारा भरीव ऐकू आला, तर बैठक योग्य. तो पोकळ वाटला, तर कोठेतरी फट आहे. जबडा हलवल्यावर पकड सुटत असेल, तर दुसरे माप घ्यावे. फोमची टोपी बोटांनी दाबून बारीक करावी, कानात घालावी आणि ती फुलेपर्यंत धरून ठेवावी. ती गोंगाट अधिक अडवते, परंतु घाम शोषते व लवकर खराब होते.

व्यायाम आणि रस्ता

व्यायामासाठी निराळा विचार हवा. घामासाठी खोक्यावर निदान ‘आयपीएक्स ४’ ही खूण पाहावी. कोणत्याही बाजूने उडणाऱ्या पाण्याच्या शिंतोड्यांपासून बचाव, असा तिचा अर्थ. याचा अर्थ तो इअरफोन नळाखाली धरावा असा नव्हे. कान घट्ट बंद असता धावताना स्वतःच्या पावलांचे धक्के आत घुमतात आणि वायरचे घासणेही ऐकू येते. वायर कानाच्या वरून मागे वळवून घेतली, तर घासण्याचा त्रास कमी होतो.

मात्र रस्त्यावर चालताना वा धावताना कान बंद ठेवणे मुळीच योग्य नव्हे. ईर्यासमितीचा उपदेश पाहून, सावधपणे पाऊल टाकण्याचा आहे. मागून येणारे वाहन डोळ्यांना दिसत नाही, त्याची वर्दी कानच देतात. म्हणून गोंगाट अडवणारा इअरफोन लोकलच्या डब्यात आणि व्यायामशाळेत वापरावा. फलाटावर उतरताना, रस्ता ओलांडताना आणि वाहन चालवताना तो खिशात असावा.

खरेदीचा हिशेब

वायरच्या साध्या इअरफोनला बॅटरी नसते, त्यामुळे तो नीट जपल्यास दीर्घकाळ चालतो. बिनवायरीच्या जोडीतील बॅटरी काही वर्षांत क्षीण होते आणि बहुधा बदलता येत नाही. एकच वस्तू विचारपूर्वक घेऊन ती पुरेपूर वापरणे, हे अपरिग्रहाच्या जवळ जाणारे आहे. बिनवायरीच्या इअरफोनवर भारतीय मानक ब्युरोच्या नोंदणीची खूण पाहावी, सुट्या टोप्या मिळतात का ते विचारावे आणि हमीसाठी पक्के बिल घ्यावे. कानावर बसणारा मोठा हेडफोन घ्यायचा असल्यास त्याच्या गाद्या कशाच्या आहेत, हेही विचारावे; काही महागड्या हेडफोनना खरे चामडे लावलेले असते.

वापरानंतर टोप्या काढून पुसाव्यात व कोरड्या ठेवाव्यात. ओलाव्यात जीवोत्पत्ती होते, हे जैन घराला निराळे सांगावे लागत नाही. ओलसर टोपीमुळे कानाला बुरशीचा त्रासही होऊ शकतो. इअरफोन काढल्यावर कानात शीळ घुमत राहिली, तर तो इशारा समजून आवाज कमी करावा, आणि ती टिकून राहिल्यास कानाच्या डॉक्टरांकडे जावे. सामायिकाचे ४८ मिनिटांचे माप घराघरांत परिचित आहे. तेवढे ऐकून झाल्यावर कानांना थोडी विश्रांती देण्याचा नियम मुलांनाही सहज पाळता येईल.

अंतसमयी कानांवर णमोकार मंत्राचे शब्द पडावेत, अशी प्रत्येक श्रावकाची इच्छा असते. ते शब्द स्पष्ट ऐकू येण्यासाठी कानांची काळजी तरुणपणीच, लोकलच्या डब्यात घ्यावी लागते.