मॉस्कोतला तो रविवार आणि हातोडीवरचा नमदा

व्लादिमीर होरोविट्झ यांनी मॉस्कोच्या संगीत विद्यालयातील मोठ्या सभागृहात केलेल्या एकल पियानोवादनाला 20 एप्रिल 2026 रोजी चाळीस वर्षे पूर्ण होतात. त्या निमित्ताने जे काही लिहिले आणि बोलले जाईल त्याचा बहुतेक भाग राजकारणाने व्यापलेला असेल, हे आजवरच्या अनुभवावरून खुशाल सांगता येते. रेगन आणि गोर्बाचेव्ह यांची जिनिव्हातील भेट, तिच्यातून निघालेला सांस्कृतिक देवघेवीचा करारनामा, मैफलीच्या अवघे पाच दिवस आधी अमेरिकेच्या विमानांनी लिबियावर केलेला हल्ला, आणि मैफलीनंतर सहाव्या दिवशी चेर्नोबिलचा स्फोट, ही सारी हकिकत खरी आहे आणि वाचकांच्या परिचयाचीही आहे. परंतु ती कितीही वेळा उगाळली तरी ब्याऐंशी वर्षांचा एक कृश वृद्ध एका वाद्यापुढे बसला आणि त्याने एका साम्राज्याच्या राजधानीतील श्रोत्यांना श्वास रोखून धरायला लावले, ते कशाच्या बळावर, याचा उलगडा तिच्यातून होत नाही. तो उलगडा मुत्सद्द्यांच्या दप्तरात नाही. तो त्या वाद्याच्या पोटात, तारेवर आदळणाऱ्या हातोडीच्या टोकाला चढवलेल्या लोकरीच्या नमद्यात आहे, असे माझे मत आहे.

होरोविट्झ यांचे पूर्वचरित्र येथे थोडक्यातच सांगतो. 1903 साली कीव्ह येथे एका सुखवस्तू अभियंत्याच्या घरी त्यांचा जन्म झाला. क्रांतीने घराची धूळधाण केली. मैफलीचा मोबदला रोकडीऐवजी खाद्यपदार्थांच्या रूपाने घेण्याची पाळी त्या तरुण वादकावर आली. आणि 1925 साली, पुढील शिक्षणाच्या निमित्ताने परवाना काढून, ते जे जर्मनीस गेले ते एकसष्ट वर्षे परतलेच नाहीत. वडिलांचा अंत स्टालिनच्या कैदखान्यात झाला. बहीण तिकडेच राहिली व तिकडेच वारली. 1986 साली मॉस्कोत त्यांची गाठ पडली ती तिच्या मुलीशी. दरम्यानच्या काळात त्यांनी न्यूयॉर्कला कर्मभूमी केले होते, वाद्यवृंद-संचालक टोस्कानिनी यांच्या कन्येशी विवाह केला होता, आणि प्रसिद्धीच्या ऐन भरात एकदा नव्हे, चार वेळा, वर्षानुवर्षे रंगमंचाचा त्याग केला होता. त्यांतील 1953 ते 1965 हा अज्ञातवास सर्वांत मोठा. मुंबईत जन्मलेले झुबिन मेहता यांच्या संचालनाखाली 1978 साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये रखमानिनोव्हचा तिसरा कॉन्सर्टो वाजवला, त्याचे चित्रमुद्रण आजही आपल्याकडील रसिक आवडीने पाहतात. आणि लोकांच्या मनात होरोविट्झ या नावाशी जी मेघगर्जना जोडली गेली आहे ती त्यात पुरेपूर ऐकू येते.

मॉस्कोचे होरोविट्झ मात्र निराळे होते, आणि ते निराळे का होते हे समजण्यासाठी तीन वर्षे मागे जावे लागते. 1983 साली टोकियोत त्यांचे वादन सपशेल कोसळले. औषधांच्या अतिरेकाने बोटे ताब्यात राहिली नव्हती. स्वर चुकत होते, स्मृती दगा देत होती. आणि हिदेकाझु योशिदा या ज्येष्ठ समीक्षकाने त्यांची तुलना तडा गेलेल्या पुराणवस्तूशी केली. ही उपमा कठोर होती, पण खोटी नव्हती. या मानहानीनंतर ते पुन्हा एकदा घरात बसले, औषधे सोडली, आणि 1985 साली बाहेर आले ते गर्जनेचा बराचसा भार खाली ठेवून. शक्ती ओसरल्यावर कलावंताजवळ काय उरते, या प्रश्नाला त्यांनी दिलेले उत्तर म्हणजे मॉस्कोचा कार्यक्रम होय.

त्या कार्यक्रमात लिस्टचा सोनाटा नव्हता, रखमानिनोव्हचा दुसरा सोनाटाही नव्हता. आरंभ झाला तो डोमेनिको स्कारलात्ती या अठराव्या शतकातील इटालियन रचनाकाराच्या, स्पेनच्या राणीच्या पदरी राहून लिहिलेल्या, तीन छोट्या सोनाटांनी. आणि त्यांतलाही पहिला संथ, जवळजवळ स्वगत म्हणावा असा. बाहेरून विद्यार्थ्यांचा लोंढा पोलिसांचे कडे मोडून सभागृहात घुसला आहे, जिने आणि सज्जे खच्चून भरले आहेत, अमेरिकी दूरचित्रवाणी ते दृश्य उपग्रहाद्वारे आपल्या देशात पोचवीत आहे, भिंतींवरच्या लंबवर्तुळाकार चौकटींतून जुने रचनाकार खाली पाहत आहेत, आणि एकसष्ट वर्षांनी मायभूमीस परतलेला मनुष्य पहिली गोष्ट बोलतो ती अगदी हलक्या आवाजात! दुसरा कोणताही वादक अशा प्रसंगी तोफ डागून मोकळा झाला असता. होरोविट्झ यांनी हजारो माणसांना आपल्याकडे झुकून ऐकायला लावले, आणि एकदा माणसे झुकली की ती शेवटपर्यंत झुकूनच राहिली.

आता येथे पियानोच्या अंतरंगाविषयी थोडे सांगणे प्राप्त आहे. पियानो हे स्वभावतः हट्टी वाद्य आहे. पट्टी दाबली की आतली हातोडी तारेकडे फेकली जाते, परंतु तारेला भिडण्यापूर्वी किंचित अंतरावर यंत्रणा तिला सोडून देते. म्हणजे ऐन आघाताच्या क्षणी वादकाच्या बोटाचा तिच्याशी काडीचाही संबंध राहिलेला नसतो. सूर एकदा निघाला की तो ओसरतच जातो. गायकाप्रमाणे त्याला फुगवता येत नाही, सतारीप्रमाणे त्याची मींड काढता येत नाही. वादकाच्या हाती उरते ते इतकेच, की हातोडी किती वेगाने सोडायची, तारेवरचा दाब केव्हा उचलायचा, आणि शेजारच्या सुरांच्या मानाने या सुराला किती मान द्यायचा. या तुटपुंज्या भांडवलावर गळ्यातून निघाल्यासारखी तान उभी करायची असते. होरोविट्झ ती करीत ते बोटे जवळजवळ आडवी, मनगट पट्ट्यांच्या पातळीखाली, आणि उजव्या हाताची करंगळी काम पडेपर्यंत मुडपून. अशी बैठक कोणताही शिक्षक विद्यार्थ्याला शिकवणार नाही. चित्रफितीत ही करंगळी नीट पाहावी. ती निपचित पडून असते, आणि स्वरावलीचा वरचा सूर उजळायचा क्षण आला की सर्पाच्या चपळाईने उलगडते.

परंतु बोटे कितीही असामान्य असली तरी ती कोणत्या वाद्यावर पडतात याला महत्त्व आहेच, आणि म्हणून फ्रान्झ मोर या कारागिराकडे वळणे मला अगत्याचे वाटते. मोर 1927 साली जर्मनीत जन्मले, व्हायोलिन शिकले, आणि मनगटाच्या दुखण्यामुळे वादनाला मुकल्यावर पियानो जुळवण्याच्या धंद्यात शिरले. 1962 साली ते न्यूयॉर्कला स्टाइनवे कंपनीत आले आणि पुढे तिच्या मैफलींच्या वाद्यांचे मुख्य तंत्रज्ञ झाले. रूबिनस्टाइन, गिलेल्स, ग्लेन गूल्ड, व्हॅन क्लायबर्न अशा परस्परविरुद्ध प्रकृतीच्या वादकांचे हट्ट त्यांनी वर्षानुवर्षे पुरवले. होरोविट्झ यांच्याबरोबर ते मॉस्कोलाही गेले. कारण होरोविट्झ परक्या वाद्यावर वाजवीतच नसत. न्यूयॉर्कमधील घराच्या खिडकीतून यारीने उचलून बाहेर काढलेला, सुमारे पाचशे किलो वजनाचा, सीडी 503 या क्रमांकाने ओळखला जाणारा त्यांचा स्वतःचा स्टाइनवे विमानाने सोव्हिएत मुलखात नेण्यात आला होता.

वादकाने स्वतःचे बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडावे हा लहरीपणा असल्याची टीका तेव्हाही झाली. ती मला मान्य नाही. त्या वाद्याच्या पट्ट्या मोर यांनी नेहमीच्या मानाने पुष्कळ हलक्या केल्या होत्या, आणि दाबून सोडताच त्या तितक्याच त्वरेने वर उसळत. दुसरा वादक त्यापुढे बसला तर वाद्य त्याच्या हातून निसटून जाई, अपेक्षेपेक्षा दुप्पट आवाज निघे, आणि हलका सूर काढू गेले तर सूरच निघत नसे. त्यावर हळुवार वाजवणे हे जोरात वाजवण्यापेक्षा शतपटीने अवघड होते. हातोडीवरचा नमदा सुया टोचून मऊ करतात, रोगण लावून कडक करतात; एकेका सुराची हातोडी घेऊन, तिच्या नेमक्या कोणत्या भागात सुई किती खोल जावी याचा निवाडा कानाने करावा लागतो. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवून जवारी काढतो, ऐकतो, पुन्हा एक हात फिरवतो आणि मग थांबतो, त्याच जातीचे हे काम आहे, आणि केव्हा थांबायचे हे कळणे हेच त्यातले सर्वस्व आहे. दोनशेहून अधिक तारा, त्यांचा वीस टनांच्या घरातला एकंदर ताण, हजारोंच्या संख्येने लाकडी व धातूचे भाग, आणि हे सारे विमानाने आणून परक्या सभागृहाच्या उष्णतेत उभे केलेले! मैफल सुरू होण्यापूर्वी ते वाद्य पूर्ववत वळणावर आणणाऱ्या माणसाला त्या यशाचा वाटेकरी मानले नाही, तर तो अन्याय होईल.

होरोविट्झ यांचे विरोधक काही थोडेथोडके नव्हते. ग्रोव्हच्या संगीतकोशात 1980 साली मायकेल स्टाइनबर्ग यांनी, बोटांची असामान्य देणगी लाभली म्हणून संगीताची समज लाभतेच असे नाही, अशा आशयाचा ठपका त्यांच्यावर ठेवला होता, आणि तरुणपणाच्या काही ध्वनिमुद्रणांपुरता तो अगदीच निराधार नाही. मात्र तोच निकष मॉस्कोतील मोत्सार्टच्या सी मेजर सोनाटाला, केशेल सूचीतील क्रमांक 330 ला, लावून पाहावा. मधल्या संथ भागात रचना उजेडातून एकाएकी मायनर स्वरांच्या छायेत शिरते. तेथे होरोविट्झ गती कमी करीत नाहीत, दुःख दाखवण्याचा कसलाही आविर्भाव करीत नाहीत, फक्त डाव्या हाताचा सूर एक पायरी खाली उतरवतात आणि उजव्या हाताला एकटे सोडतात. समज याहून वेगळी काय असते? त्यानंतर रखमानिनोव्हची दोन प्रेल्यूड्स येतात, आणि मग स्क्रियाबिन, ज्यांच्यापुढे होरोविट्झ यांना लहानपणी वाजवायला नेले होते. स्क्रियाबिनच्या ओपस 8 मधल्या शेवटच्या एत्यूदमध्ये तो जुना गडगडाट एकदाच, काही क्षणांपुरता, सभागृहात फिरतो, आणि आधीचा पाऊण तास संयमात गेल्यामुळे तो हवा तेथे लागतो.

एका माणसाने, साथीला कोणी नसताना, संपूर्ण संध्याकाळ एका पियानोवर पेलावी ही प्रथा तशी जुनी नाही. लिस्टने 1839 साली रोममध्ये हे धाडस केले आणि पुढच्या वर्षी लंडनमध्ये त्याची जाहिरात केली, तोवर वादकाच्या कार्यक्रमात गायक, व्हायोलिनवादक, कधी अख्खा वाद्यवृंद यांची भरती करण्याचा शिरस्ता होता. तेव्हापासून एकल मैफल हे बलप्रदर्शनाचे मैदान झाले, आणि आजच्या स्पर्धांच्या युगात तर ते फारच झाले आहे. एकामागून एक तरुण वादक विजेच्या वेगाने त्याच दहा-बारा अवघड रचना निर्दोष वाजवतात, आणि बाहेर पडल्यावर त्यांतल्या एकाचा सूर दुसऱ्याच्या सुरापासून वेगळा आठवत नाही. दोष त्यांच्या बोटांचा नाही. स्पर्धेच्या ठिकाणी मोजक्या मिनिटांत वाद्य निवडायचे, आज हे, उद्या ते. अशा व्यवस्थेत वादकाचा आणि वाद्याचा संसार जुळायला सवडच मिळत नाही. मॉस्कोत जे ऐकू आले ते अशाच चाळीसहून अधिक वर्षांच्या संसाराचे फळ होते.

शेवटी आग्रहापोटी वाजवलेला शूमानचा छोटा तुकडा, आणि तो ऐकताना गालावरून ओघळणारा अश्रू न पुसता बसलेला एक श्रोता, एवढेच दृश्य कापून लोक एकमेकांना पाठवतात. भावनेपोटी ते पाठवतात हे मी जाणतो. पण त्यामुळे त्या वृद्धाच्या विचारपूर्वक रचलेल्या दोन तासांचे रूपांतर दोन-तीन मिनिटांच्या उमाळ्यात होते, आणि ते अश्रू कशाने आले हे कळण्याचा मार्गच बंद होतो. वाद्य वाजवणारा आणि वाद्य जुळवणारा, दोघेही आता नाहीत: होरोविट्झ 1989 च्या नोव्हेंबरात गेले, मोर 2022 साली गेले.

माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली आयोजकांकडे: मुंबईच्या दमट हवेत, जेथे पावसाळ्यात लाकूड फुगते आणि तारा बिघडायला एक रात्र पुरते, तेथे एनसीपीएसारख्या रंगमंचावर पियानोची मैफल ठेवली जाते तेव्हा पत्रिकेवर वादकाच्या नावाखाली वाद्य जुळवणाऱ्याचे नावही छापावे. दुसरी वाचकांकडे: मॉस्कोच्या मैफलीची चित्रफीत मिळण्यास आता काहीच अडचण नाही, तेव्हा सवड काढून ती पहिल्या स्कारलात्तीपासून, मध्ये न थांबता आणि आवाज न वाढवता, ऐकावी.