विसरलेले पिस्तूल

अमेरिकेतील कोणत्याही मोठ्या विमानतळावर हातातील सामान तपासणीच्या पट्ट्यावरून पुढे सरकत असते. मध्येच पट्टा थांबतो. क्ष-किरणांच्या पडद्यावर पिस्तुलाची आकृती उमटलेली असते. पोलिसांना बोलावले जाते, पिशवीच्या मालकाला बाजूला घेतले जाते आणि पिस्तूल पिशवीत कसे आले, अशी विचारणा होते. या प्रश्नाला बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : ‘‘आत आहे हे विसरलोच होतो.’’

असे विसरणारे थोडेथोडके नाहीत. विमानतळांची सुरक्षा सांभाळणाऱ्या केंद्रीय यंत्रणेने २०२३ या वर्षात ६,७३७ पिस्तुले व बंदुका प्रवाशांच्या हातातील सामानातून पकडल्या. दिवसाला सरासरी अठरा. २०२४ मध्ये हा आकडा ६,६७८ होता. या शस्त्रांपैकी शेकडा नव्वदहून अधिक शस्त्रे भरलेली होती. एकट्या अटलांटाच्या विमानतळावर २०२३ मध्ये ४५१ शस्त्रे सापडली. वास्तविक विमानातून पिस्तूल नेण्यास तेथे बंदी नाही. ते रिकामे करून, कुलूपबंद टणक पेटीत घालून, काउंटरवर तशी नोंद करून मालडब्यात पाठवता येते. हातातील सामानात सापडल्यास मात्र हजारो डॉलरांचा दंड होऊ शकतो आणि राज्याच्या कायद्यानुसार अटकही. तरीही विसरणारे विसरतातच. २०२२ च्या एप्रिलमध्ये शार्लट विमानतळावर तर काँग्रेसचे तत्कालीन सदस्य मॅडिसन कॉथॉर्न यांच्या पिशवीत भरलेले पिस्तूल सापडले. त्याच्या आदल्या वर्षी ॲशव्हिल येथेही त्यांच्याबाबतीत तसेच घडले होते.

खिशात पाचशेच्या नोटांचे पुडके घेऊन एस.टी.ने निघालेला मनुष्य दर दहा मिनिटांनी खिसा चाचपून पाहतो. मग प्राण घेऊ शकणारी वस्तू विसरली कशी जाते? याचे उत्तर सवयीत आहे. जी वस्तू रोज अंगावर किंवा पिशवीत असते, तिचे वजन हळूहळू शरीराला जाणवेनासे होते. चष्मा डोळ्यांवर असताना घरभर चष्मा शोधणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. शिवाय नोटांची आठवण भीती करून देते. पिस्तूल तर बाळगलेलेच असते भीती वाटू नये म्हणून. ज्याच्यामुळे निर्धास्त वाटते, त्याच्याविषयी माणूस निर्धास्त होतो.

३० डिसेंबर २०१४ रोजी आयडाहो राज्यातील हेडन या गावी एक तरुण आई मुलांना घेऊन मोठ्या दुकानात खरेदीसाठी आली होती. ती शास्त्रज्ञ होती, शस्त्र हाताळणे तिला ठाऊक होते आणि शस्त्र लपवून बाळगण्याचा परवाना तिच्याजवळ होता. पिस्तूल ठेवण्यासाठी चेन असलेला खास कप्पा शिवलेली तिची पर्स नवीन होती. पतीने ती नाताळची भेट म्हणून दिली होती. दोन वर्षांचा मुलगा सामानाच्या गाडीत बसलेला आणि पर्स त्याच्या हाताशी. बाळाने चेन उघडली, आत हात घातला आणि गोळी सुटली. आई जागीच गेली.

या घटनेत बेफिकीर, उडाणटप्पू असे कोणी नव्हते. परवाना होता, शिक्षण होते, वेगळा कप्पा होता, कप्प्याला चेन होती. चूक एवढीच, की पर्स काही क्षण अंगापासून दूर झाली आणि त्या क्षणांत ती कोणाजवळ आहे, हा विचार झाला नाही. अमेरिकेतील अनुभवी प्रशिक्षक पर्समध्ये पिस्तूल ठेवण्याच्या विरोधात बोलतात ते यामुळेच. कमरेला बांधलेले शस्त्र माणसाबरोबर फिरते. पर्स मात्र खुर्चीला अडकवली जाते, गाडीत राहते, मैत्रिणीकडे धरायला दिली जाते आणि क्वचित चोरीलाही जाते.

पिस्तुलाची रचना थोडी समजून घेतल्याशिवाय हलगर्जीपणा नेमका कुठे शिरतो ते कळत नाही. आजचे चांगल्या बनावटीचे पिस्तूल नुसते खाली पडल्याने सहसा सुटत नाही. ते सुटते चाप ओढला गेल्यामुळे. अनेक लोकप्रिय पिस्तुलांना अंगठ्याने सरकवायची वेगळी कळ नसते. चापातच एक सुरक्षा-पट्टी असते आणि चाप मागे गेला की तीही दबते. म्हणून चाप पूर्ण झाकणारे कडक म्यान, ज्याला तिकडे होल्स्टर म्हणतात, हेच खरे कुलूप. म्यानाविना खिशात किंवा पँटच्या कमरपट्ट्यात खोचलेल्या पिस्तुलाच्या चापाला किल्ली, दोरी, सदऱ्याचे टोक, काहीही बोटाचे काम करू शकते.

दुसरी चूक याहून साधी आणि याहून जुनी. पिस्तुलातील गोळ्यांचा कप्पा, म्हणजे मॅगझिन, बाहेर काढला की पिस्तूल रिकामे झाले असे माणसाला वाटते. पण एक गोळी आधीच नळीच्या तोंडाशी चढलेली असू शकते. ‘रिकाम्या’ पिस्तुलाने झालेल्या अनेक मृत्यूंमागे ही एक गोळी असते. जेफ कूपर या प्रसिद्ध प्रशिक्षकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या चार नियमांतील पहिला नियम याच भ्रमावर बोट ठेवतो : प्रत्येक शस्त्र नेहमी भरलेलेच समजावे. जे नष्ट करायचे नाही त्याकडे नळी वळवू नये. नेम धरल्याशिवाय बोट चापावर नेऊ नये. लक्ष्य कोणते आणि त्याच्या पलीकडे काय आहे, याची खात्री करावी, हे उरलेले तीन. नियम इतके सोपे, की शाळकरी मुलानेही पाठ करावेत. किमान दोन नियम एकाच वेळी मोडल्याखेरीज सहसा माणसाला इजा होत नाही, असे जाणकार सांगतात. तरीही इजा होते.

न्यूयॉर्क जायंट्स या फुटबॉल संघाचा खेळाडू प्लॅक्सिको बरेस याने २००८ च्या फेब्रुवारीत अंतिम सामन्यातील निर्णायक चेंडू झेलला आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात एका नाइटक्लबमध्ये स्वतःच्याच मांडीत गोळी मारून घेतली. पिस्तूल ढिल्या पँटच्या कमरेत खोचलेले होते. ते घसरले आणि तो ते सावरायला गेला. घसरते शस्त्र पडू द्यावे, झेलायला जाऊ नये, हा प्रशिक्षणातील धडा. पण झेलणे हा तर त्या माणसाचा व्यवसाय होता. न्यूयॉर्कचा परवाना त्याच्याजवळ नव्हता, फ्लोरिडाचा होता तोही संपलेला. दोन वर्षांची शिक्षा झाली. २०१८ मध्ये डेन्व्हरला केंद्रीय तपास संस्थेचा एक अधिकारी सुट्टीच्या रात्री नाचता नाचता उलटी कोलांटी मारायला गेला, कमरेचे पिस्तूल जमिनीवर पडले आणि ते घाईने उचलताना सुटलेली गोळी एका ग्राहकाच्या पायात घुसली. २०१५ मध्ये वॉशिंग्टनच्या संसद-भवनात पहारा देणाऱ्या पोलिसांनी आपली पिस्तुले स्वच्छतागृहांत विसरल्याचे उघडकीस आले. त्यांतील एक तर एका लहान मुलाच्या दृष्टीस पडले होते. हे सारे प्रशिक्षित लोक. मग आठ तासांच्या वर्गावर किती भिस्त ठेवावी? आयडाहोमध्येच २०१४ च्या जुलैत विद्यापीठाच्या आवारात विशेष परवानाधारकांना शस्त्र बाळगण्याची मुभा देणारा कायदा लागू झाला आणि सप्टेंबरच्या आरंभी रसायनशास्त्राच्या एका प्राध्यापकाच्या खिशातील पिस्तूल भर वर्गात सुटून गोळी त्याच्या पावलाला लागली.

अशा घटनांना पूर्वी तेथे ‘अपघाती गोळीबार’ म्हणत. अलीकडे शस्त्रधारकांमधीलच जबाबदार मंडळी हा शब्द नाकारतात आणि ‘हलगर्जीपणाचा गोळीबार’ असे म्हणण्याचा आग्रह धरतात. यंत्र बिघडले तर तो अपघात. बोट चुकले तर ती जबाबदारी. दिवसअखेर रोख कमी भरली तर ‘चुकून’ म्हणून रोखपालाची सुटका होत नाही, तसेच हे. मराठीत ‘प्रमाद’ हा शब्द आता साध्या चुकीसाठी वापरला जातो. जैन आचारग्रंथांत मात्र त्याचा अर्थ असावधपणा असा आहे आणि हिंसेच्या व्याख्येतच त्याला जागा दिलेली आहे. टेक्सासमधील शस्त्र-प्रशिक्षकाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही, पण तो पोहोचला आहे तो त्याच शब्दाजवळ.

टेक्सासचा उल्लेख आला, तर दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. २९ डिसेंबर २०१९ रोजी तेथील व्हाइट सेटलमेंट या गावच्या चर्चमध्ये रविवारच्या प्रार्थनेच्या वेळी एका माणसाने गोळ्या झाडून दोघांचा जीव घेतला. चर्चच्या स्वयंसेवी सुरक्षा पथकाचे जॅक विल्सन यांनी एकाच गोळीत त्याला थांबवले. सारे सुमारे सहा सेकंदांत आटोपले. विल्सन हे पूर्वी राखीव पोलिस होते आणि इतरांना नेमबाजी शिकवीत. शस्त्र बाळगण्याचे समर्थन करणारे या सहा सेकंदांचा दाखला देतात आणि तो खोटा नाही. मात्र त्याच चित्रफितीत आणखी काही भाविक पिस्तूल उपसून गर्दीतून पुढे येताना दिसतात. त्यांतील एकाही बोटाची चूक झाली नाही, हे त्या प्रार्थनास्थळाचे भाग्यच म्हणायचे.

आज अमेरिकेतील पन्नासपैकी २९ राज्यांत प्रौढ नागरिकाला पिस्तूल लपवून बाळगण्यासाठी परवाना लागत नाही. म्हणजे वर्ग नाही आणि परीक्षाही नाही. न्यूयॉर्कमध्ये अर्जदाराने विशेष कारण दाखवावे, ही शंभर वर्षांहून जुनी अट सर्वोच्च न्यायालयाने २०२२ च्या जूनमध्ये रद्द केली. त्यावर त्या राज्याने सोळा तासांचा वर्ग आणि दोन तासांचा प्रत्यक्ष नेमबाजीचा सराव सक्तीचा केला. मोटार चालवण्यासाठी सर्वच राज्यांत परीक्षा द्यावी लागते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

आपल्याकडे स्थिती निराळी. १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवाना मिळणे कठीण. शहरात पोलिस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हाधिकारी तो देतात. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकाला बाळगता येणाऱ्या शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आली, आणि आनंदोत्सवात बेदरकारपणे गोळीबार करून इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. निवडणुका आल्या की अनेक परवानाधारकांना शस्त्र पोलिस ठाण्यात जमा करावे लागते. काही सराफ आणि व्यापाऱ्यांच्या घरी वडिलांच्या काळापासून एखादे रिव्हॉल्व्हर असते. ते वर्षानुवर्षे कपाटात पडून असते. हात लागतो तो नूतनीकरणाच्या वेळी किंवा प्रवासाला निघताना.

१ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे मुंबईत जुहूच्या घरी अभिनेते गोविंदा कोलकात्याला जाण्याच्या तयारीत होते. परवान्याचे रिव्हॉल्व्हर कपाटात ठेवताना ते हातातून निसटले आणि गोळी सुटली, असे त्यांच्या व्यवस्थापकाने सांगितले. गोळी डाव्या पायात शिरली. शस्त्रक्रिया झाली आणि तीन-चार दिवसांत ते घरी परतले. जुन्या घडणीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये घोड्यावर आघात झाला तर गोळी सुटू शकते. म्हणून घोड्याखालचे घर रिकामे ठेवण्याची पद्धत जुने जाणकार पाळत. सहा घरांत पाचच गोळ्या. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या असतात आणि त्या दोघांकडे असतात. एकावर अविश्वास म्हणून ही व्यवस्था नसते, एकाचा विसर दुसऱ्याने सावरावा हाही तिचा हेतू असतो. रिव्हॉल्व्हरला दुसरी किल्ली नसते. ते रिकामे घर हीच त्याची दुसरी किल्ली.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी आणि गुजराती कुटुंबांत कोणाचे मोटेल असते, कोणाचे पेट्रोल पंपालगतचे दुकान. रात्रपाळीला गल्ल्याखाली पिस्तूल ठेवावे की नाही, हा प्रश्न तेथे जेवणाच्या टेबलावर येतो. ज्या घरात पिस्तूल कधीच येणार नाही, त्या घरालाही तो चुकत नाही; कारण मुले शेजारी खेळायला जातात. तेथील बालरोगतज्ज्ञ पालकांना सांगतात, की मूल दुसऱ्याच्या घरी पाठवण्यापूर्वी त्या घरात कुलपाबाहेर बंदूक आहे का, हे विचारा. असे विचारण्याची आठवण देण्यासाठी २१ जून हा दिवसही पाळला जातो. आपल्या माणसांना हे विचारणे जड जाते. पाहुण्याने यजमानाच्या कपाटाची चौकशी करावी, हे आपल्या संस्कारात बसत नाही. मग काही आयांनी यावर साधा उपाय काढला आहे. मुलाला शेंगदाणे चालत नाहीत, तुमच्याकडे कुत्रा आहे का, पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे ना, अशा चौकशीच्या ओघातच त्या हाही प्रश्न विचारून टाकतात. समोरची बाईही त्याच सुरात सांगते, की हो, आहे, पण पेटीत कुलपात, गोळ्या वेगळ्या, आणि किल्ली माझ्या गळ्यात.