जुन्या ट्रकचे नोजल आणि चार वाट्या

आपला ट्रक हल्ली इतका काळा धूर का सोडतो आणि डिझेलचा खर्च कशाने वाढला, असे काही हितचिंतकांनी विचारले होते. पडेगावच्या केंद्रात वाहनांची देखभाल माझ्याकडे असल्यामुळे संपादकांनी उत्तर लिहिण्याचे काम माझ्यावर सोपवले. दोन्ही प्रश्नांचे मूळ एकच निघाले: नोजल. पुस्तकात त्याला इंजेक्टर म्हणतात. आपल्या रस्त्यावरचे सगळे मेकॅनिक नोजलच म्हणतात.

ट्रक जुना आहे. चार सिलिंडरचा, साध्या यांत्रिक पंपाचा, साडेचार लाख किलोमीटरच्या पुढे गेलेला. कन्नड आणि सोयगाव तालुक्यांतल्या भिल्ल वस्त्यांवर धान्य, बियाणे, वसतिगृहाचे सामान तोच पोहोचवतो. मृगाच्या पावसानंतर काही वस्त्यांच्या वाटा चिखलाने बंद होतात, म्हणून सगळा साठा मे महिन्यात वर न्यावा लागतो. त्या दिवसांत ट्रक घाटात बसला तर वस्तीवरचे धान्यही घाटातच बसते.

खर्चाचा हिशेब सोपा आहे. समजा ट्रक महिन्याला २,००० किलोमीटर धावतो. लिटरला ८ किलोमीटरचे ॲव्हरेज असेल तर २५० लिटर लागतात; तेच साडेसहावर आले तर सुमारे ३०८. म्हणजे ५८ लिटर डिझेल दर महिन्याला धूर होऊन जाते.

आता नोजल करते काय, ते पाहू. डिझेल इंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवा इतकी दाबतो की ती तापते, आणि त्या तापलेल्या हवेत डिझेल फवारले की ते आपोआप पेटते. रुडॉल्फ डिझेलच्या सुरुवातीच्या इंजिनांत हे फवारण्यासाठी वेगळा हवेचा कॉम्प्रेसर लागत असे. असले धूड गाडीवर कसे बसवणार? १९२७ साली जर्मनीत बॉश कंपनीने पंप मोठ्या प्रमाणावर बनवायला घेतले, तेव्हा डिझेलवर चालणारा ट्रक खऱ्या अर्थाने शक्य झाला. आपल्याकडे हे पंप-नोजल बंगळुरूच्या ‘मायको’ कंपनीच्या नावाने घरोघरी, म्हणजे गॅरेजोगॅरेजी, माहीत झाले. त्याच कंपनीला २००८ पासून बॉश लिमिटेड म्हणतात, पण जुने मिस्त्री अजून ‘मायकोचा पंप’च म्हणतात.

नोजलच्या आत एक सुई असते. ती आणि तिचे घर यांच्यातली फट २ ते ४ मायक्रॉन. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. स्प्रिंगने दाबून धरलेली ही सुई जुन्या ट्रकमध्ये साधारण २०० ते २५० बार दाबाला उचलली जाते. मोठ्या ट्रकच्या टायरमध्ये ८ बारच्या आसपास हवा असते, त्यावरून अंदाज यावा. सुई उचलली की टोकाच्या बारीक भोकांतून डिझेल धुक्यासारखे उडाले पाहिजे. भोकांवर काजळी बसली किंवा स्प्रिंग ढिली पडली की धुक्याऐवजी धार येते. धार नीट जळत नाही. तिचा काळा धूर होतो. सुई बसत नसेल तर डिझेल ठिबकते, सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन टाकते आणि खाली ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिकवर ऑइलची पातळी न भरता वाढलेली दिसली आणि वास डिझेलचा आला, तर ट्रक तिथेच थांबवावा. पातळ ऑइलवर बेअरिंग जळायला वेळ लागत नाही.

तरीही धूर दिसला म्हणून लगेच नोजल उतरवू नये. आधी एअर फिल्टर पाहावा. उन्हाळ्यात वस्तीच्या कच्च्या रस्त्यावरून आठवडाभर फिरलेला फिल्टर झटकला तर पसाभर माती निघते, आणि हवा कमी पडली की धूर काळाच येतो. मग डिझेल फिल्टर, त्यातले पाणी, टॅपेट. आपल्या ट्रकचे हे सगळे ठीक निघाले, म्हणून पुढे गेलो.

माझ्याकडे सध्या सोयगावकडची दोन मुले काम शिकतात. कोणते नोजल खराब हे ओळखायची जुनी रीत त्यांना दाखवली. इंजिन आयडलवर ठेवून एकेका नोजलच्या पाइपचे नट अर्धा आटा सैल करायचे. चांगले नोजल बंद पडले की इंजिनाचा आवाज लगेच पडतो. ज्याचे नट सैल करूनही काही फरक पडत नाही, ते सिलिंडर आधीपासूनच काम करत नव्हते. “काका, तीन नंबरला काहीच होत नाही,” असे धाकट्याने कान लावून सांगितले, आणि ते बरोबर होते.

इथे एक गोष्ट ठामपणे सांगतो. ही रीत फक्त जुन्या यांत्रिक पंपासाठी. कॉमन रेलच्या नव्या गाड्यांत दाब हजार-दीड हजार बारच्याही वर जातो. तिथे चालू इंजिनाच्या पाइपला पाना लावणे म्हणजे जिवाशी खेळ. त्या गाड्या त्यांच्या लॅबमध्येच न्याव्यात. जुन्या गाडीवरही डोळ्यांना चष्मा हवाच.

नोजल काढण्याआधी भोवतालची जागा ब्रश आणि डिझेलने धुऊन घ्यावी, नाहीतर माती थेट सिलिंडरमध्ये पडते. उघड्या पाइपांच्या तोंडांना टोप्या लावाव्यात. आम्ही स्वयंपाकघरातून चार स्टीलच्या वाट्या आणल्या आणि त्यांवर एक ते चार आकडे घातले. एका नोजलची सुई दुसऱ्या घरात चालत नाही; त्या जोड्या कारखान्यातच एकमेकींवर घासून बसवलेल्या असतात. एकाच परातीत सगळे सुटे भाग टाकणारा मिस्त्री दिसला तर तिथून ट्रक उचललेला बरा.

काजळी स्वच्छ डिझेलमध्ये रात्रभर भिजवून मऊ करायची, मग पितळी ब्रशने किंवा लाकडी काडीने काढायची. पोलादी ब्रश आणि पॉलिश पेपर वर्ज्य. भोकांत मापाचीच तार घालावी. शिवणाची सुई घातली तर भोक मोठे होते आणि नोजल कामातून जाते.

सफाईनंतरची तपासणी मात्र घरी होत नाही. त्यासाठी पंप-नोजलवाल्याच्या लॅबमधला हातपंपाचा टेस्टर लागतो. त्यावर चार गोष्टी दिसतात: किती दाबाला सुई उचलते, फवारा कसा आहे, सुई कुरकुरल्यासारखा आवाज करते का, आणि त्या दाबाच्या थोडे खाली धरले असता टोक कोरडे राहते का. आमची तीन नोजल सफाईने सुधारली, दाब पातळ शिम घालून जुळवला. तीन नंबरचे टोक ठिबकतच राहिले, ते नवे घेतले. टेस्टरच्या फवाऱ्यासमोर बोट कधीही आणू नये. ती धार कातडीतून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते, पण आत डिझेल पसरून बोट किंवा हात गमवावा लागतो. असे घडले तर तेल-हळद लावत न बसता त्याच तासाला शस्त्रक्रियेची सोय असलेल्या दवाखान्यात जावे.

बसवताना तांब्याचा वॉशर नवा घ्यावा आणि जुना खड्ड्यात चिकटून राहिलेला नाही ना, हे बॅटरी मारून पाहावे. दोन वॉशर एकावर एक बसले की नोजल वर उचलले जाते आणि फवारा चुकीच्या जागी पडतो. शेवटी हातपंपाने एअर काढायची.

टाकीत ओतायच्या सफाईच्या बाटल्यांविषयी विचारणा होते. हलक्या थरावर त्यांचा थोडा उपयोग होतो. थकलेली स्प्रिंग किंवा झिजलेली सुई त्यांनी बरी होत नाही. रॉकेल मिसळणे तर बंदच ठेवावे, कारण पंपाला आणि सुईला वंगण डिझेलचेच मिळते आणि रॉकेलात ते फार कमी असते. एप्रिल २०२० पासून देशभर मिळणारे १० पीपीएम गंधकाचे डिझेल जुन्या पंपाला चालते.

वस्तीवर पिंपात डिझेल ठेवणाऱ्यांनी पिंप थोडे कलते ठेवावे आणि तळातले चार बोटे डिझेल कधीच टाकीत घेऊ नये. पाणी तिथेच बसते. पावसाळ्यात ट्रकची टाकी रात्री भरलेली असावी, म्हणजे आत दव धरत नाही.

काम झाल्यावर भरलेला ट्रक शरणापूर, दौलताबादमार्गे खुलताबादच्या घाटावर चढवला. धूर फिकट राखाडी, तोही फक्त गिअर बदलताना. आता दर टाकीला किलोमीटर आणि लिटर वहीत लिहिण्याचे काम त्या दोन्ही मुलांकडे दिले आहे.